टाकीत उरलेलं पेट्रोल

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात आम्ही केलेली ही बातचीत. गटांच्या बैठकीत वाचून दाखवता यावी म्हणून इथे लिहून दिली आहे.)

आज आपण कर्ज, हप्ते, पापड-लोणची यांपैकी कशावरच बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते पेट्रोलवर. तुम्ही म्हणाल, हा काय बायकांच्या कार्यक्रमाचा विषय झाला? पण आता आपल्या कितीतरी गटांकडे गवत कापायचं यंत्र आहे, पेट्रोलवरचा फवारणी पंप आहे, कोळपणीचा पॉवर वीडर आहे. कर्ज काढून, बचतीतून पैसे घालून आपण ती घेतली. मग त्यांच्या पोटात काय जातं हेही आपल्यालाच कळायला हवं. आम्हाला ते कळलं नव्हतं, म्हणून आमचं नुकसान झालं. पैशाचं झालं ते भरून आलं. पण आमच्याच एका बाईवर आम्ही नाहक ठपका ठेवला, ते जास्त लागलं. म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

आमचा गट कोकणातला. पावसाळा सरला की इथे काजू-आंब्याच्या बागांत कमरेएवढं गवत असतं. ते काढायला माणूस मिळत नाही. म्हणून गटाने दोन ग्रास कटर घेतले, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. गटातल्या तिघी जणी ते चालवायला शिकल्या. यंत्र बाहेर भाड्याने द्यायचं किंवा आपल्याच बाईने जाऊन काम करून द्यायचं, असा व्यवहार सुरू झाला. नोंदवहीत आम्ही नियम लिहिले. त्यातला एक नियम असा होता, ‘यंत्र परत करताना टाकी भरून द्यावी.’ पुढच्या बाईला रिकामं यंत्र मिळू नये, हा साधा विचार.

पहिला हंगाम छान गेला. डिसेंबरात काम संपलं, तेव्हा एक यंत्र आमच्या गटातल्या काकींनी परत आणलं. त्यांनी नियमाप्रमाणे पदरचे पैसे घालून टाकी काठोकाठ भरली होती. दुसरं यंत्र एका वहिनींनी आणलं. त्यांचं पेट्रोल बागेतच संपलं, यंत्र आपोआप बंद पडलं, तसंच त्यांनी ते उचलून आणलं. नियम मोडला म्हणून आम्ही त्यांना वीस रुपये दंड लावला. दोन्ही यंत्रं पुसून पडवीतल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली.

मधे उन्हाळा गेला, चार महिन्यांचा पाऊस गेला. सप्टेंबरात एका बागेचं सहा दिवसांचं काम आलं. आम्ही यंत्रं खाली काढली. वहिनींच्या यंत्रात ताजं पेट्रोल घातलं, तिसऱ्या दोरीला ते सुरू झालं. काकींचं यंत्र काही केल्या सुरू होईना. दोरी ओढून ओढून हात भरून आले. चोक दिला, प्लग काढून पुसला. एकदा फट्‌फट् करून धूर सोडला आणि पुन्हा गप्प.

मग कुजबुज सुरू झाली. शेवटची सही कुणाची? काकींची. त्यांनी पाडलं असेल, ऑइल घालायला विसरल्या असतील. शेजारून जाणारे एक गृहस्थ म्हणाले, “बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं.” आम्हीही त्या दिवशी काकींची बाजू घेतली नाही, हे कबूल करायला हवं. पुढच्या दोन बैठकांना काकी आल्या नाहीत. बचतीचे पैसे नातीच्या हाती पाठवले.

आठवड्याने आम्ही यंत्र तालुक्याच्या बाजारात एका मेकॅनिक दादांकडे नेलं. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, वास घेतला आणि विचारलं, “ताई, यात पेट्रोल कधीचं आहे?”

“डिसेंबरातलं.”

“मग यंत्राला काही झालेलं नाही. याला शिळं खायला घातलंय.”

पेट्रोल शिळं होतं हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दादांनी ते काचेच्या बाटलीत ओतलं, शेजारच्या बाटलीत ताजं घेतलं आणि दोन्ही समोर ठेवली. ताजं स्वच्छ, झणझणीत वासाचं. आमचं काळपट, वास आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा वेगळाच गढूळ थर. मग त्यांनी कार्बोरेटर खोलून दाखवला. आत मधासारखा पिवळा, चिकट लेप बसला होता.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे काय होतं

भाजी शिळी होते, पीठ जुनं होतं, तसं पेट्रोलचंही होतं. फरक एवढाच की डोळ्यांना लगेच दिसत नाही. त्यात तीन गोष्टी घडतात. एकेक नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे उडून जाणं. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलापासून ते बनवतात आणि त्यात कितीतरी हलके-जड घटक एकत्र असतात. हलके घटक चटकन वाफ होतात. थंड इंजिन पहिल्या दोरीला सुरू होतं ते या हलक्या घटकांमुळेच, कारण इंजिनात पेट्रोल द्रवरूपाने जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. आता डबा किंवा टाकी महिनोन्‌महिने राहिली की आधी उडतात ते हेच. मसाल्याचा डबा उघडा राहिला तर तिखट डब्यात असतं, पण झणका गेलेला असतो. तसंच हे. पेट्रोल दिसतं, पण पेट घेण्याचा जोर गेलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे डिंक बनणं. आपल्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीच्या कडेला ओघळलेलं तेल असतं ना, काही महिन्यांनी ते चिकट होतं, मग पिवळं आणि घट्ट होतं, घासूनही निघत नाही. हवेतल्या प्राणवायूशी तेलाचा संयोग होऊन ते तसं होतं. पेट्रोलमधल्या काही घटकांचंही तेच होतं. आधी डिंकासारखा पदार्थ तयार होतो, मग त्याचा कडक लेप बसतो. उष्णता असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापलेलं पेट्रोल लवकर खराब होतं.

हा डिंक नेमका कुठे त्रास देतो? कार्बोरेटरात. कार्बोरेटरचं काम पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला देणं. वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोलला साधारण चौदा-पंधरा भाग हवा लागते. एवढं मोजून पेट्रोल सोडायला त्यात पितळेचा छोटा तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ज्यांनी घासलेटचा पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे लगेच कळेल. स्टोव्हच्या भोकात जरा काजळी अडकली की ज्योत पिवळी व्हायची, भडकायची, मग आपण पिन मारायचो. जेट बुजलं की इंजिनाचं तसंच होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. टाकीतल्या पेट्रोलच्या आधी कार्बोरेटरातलं पेट्रोल शिळं होतं. पॉवर वीडर किंवा जनरेटर यांच्या कार्बोरेटरला खाली छोटी वाटी असते, तिच्यात चार-पाच चमचे पेट्रोल उभं राहतं. एवढंसं पेट्रोल उडून जायला फार दिवस लागत नाहीत. उडताना ते आपला डिंक तळाशी, जेटच्या तोंडाशीच ठेवून जातं. हातात धरायच्या बऱ्याच ग्रास कटरना वाटी नसते, त्याऐवजी पातळ रबरी पडदा असतो. तो पडदा कडक होतो, आकसतो आणि पेट्रोल ओढेनासा होतो.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्या पावसाळी भागात तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. आज पंपावर मिळणारं पेट्रोल नुसतं पेट्रोल नसतं. त्यात इथेनॉल मिसळलेलं असतं. उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, मक्यापासून, तुटक्या तांदळापासून ते बनवतात. आपल्या देशात २०२२ साली हे प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळायला लागलं आणि २०२५ पर्यंत तेच जवळपास सगळीकडे आलं. पंपावर ‘ई-२०’ लिहिलेलं असतं ते हेच. ही भेसळ नाही, सरकारचं ठरवलेलं धोरण आहे. बाहेरून आणायचं तेल कमी लागावं आणि ऊस-मका पिकवणाऱ्याला बाजार मिळावा, हा त्यामागचा हेतू.

पण इथेनॉलचा एक स्वभाव आहे. ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण सैल राहिलं तर मिठाला पाणी सुटतं, तसं. दमट हवेतून थोडं थोडं पाणी येतं. झाकण सैल असेल, यंत्र धुताना पाणी शिरलं असेल, कॅन पागोळीखाली राहिला असेल तर एकदम जास्त येतं. थोडं पाणी इथेनॉल सामावून घेतं. मर्यादा ओलांडली, किंवा हवेत गारवा आला, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. आमच्या बाटलीत तळाशी दिसलेला थर तो हाच.

आता टाकीतून पेट्रोल ओढणारी नळी कुठे असते? तळाशीच. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाण्याचा. त्यातून आमचं यंत्र टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायचं. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, तळाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. असं इंजिन चुकून सुरू झालं आणि चालत राहिलं, तर आतल्या पिस्टनला ऑइल मिळत नाही, ते तापतं आणि जाम होतं. दादा म्हणाले, “तुमचं नशीब, हे सुरू झालं नाही. सुरू झालं असतं तर कार्बोरेटरवर भागलं नसतं, इंजिनच गेलं असतं.”

पाण्याने आणखी एक होतं. कार्बोरेटरच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, लोखंडी टाकीला आतून गंज चढतो. आणि जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्या, वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, कधी तडकतात. म्हणून यंत्र जुनं असेल तर नळ्या वर्षातून एकदा वाकवून बघाव्यात.

यंत्र कसं सांगतं

यंत्राला बोलता येत नाही, पण ते खुणा देतं. या खुणा मेकॅनिककडे जाण्याआधी आपण ओळखू शकतो.

दोरी कितीही ओढली तरी यंत्र सुरू होत नाही, आणि पेट्रोल जुनं आहे: संशय आधी पेट्रोलवर घ्या.

चोक दिला की सुरू होतं, चोक काढला की बंद पडतं: जेट अर्धवट बुजलेलं असण्याची शक्यता मोठी. चोक म्हणजे हवा कमी करणं. हवा कमी केल्यावर चालतं याचा अर्थ पेट्रोल कमी येत आहे.

आवाज एकसारखा राहत नाही, वर-खाली होतो: कारण तेच.

रिकामं चालतं, पण गवतात घातलं की दम तोडतं: पेट्रोल पुरत नाही. अशा वेळी जोर लावून चालवत राहू नका. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की इंजिन फार तापतं.

कार्बोरेटरातून पेट्रोल गळतं: आतली सुई डिंकाने चिकटून उघडी राहिली असेल. यंत्र लगेच बंद करा, आगीचा धोका आहे.

आणि शंका आली तर काचेच्या बाटलीची परीक्षा करा. यंत्र पूर्ण थंड असताना, उघड्यावर, चूल-विडीपासून लांब, थोडं पेट्रोल स्वच्छ कोरड्या काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटं सावलीत स्थिर ठेवा. काळपट रंग, आंबूस वास किंवा तळाशी वेगळा थर, यांपैकी एक जरी दिसलं तरी ते यंत्रात घालायचं नाही. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलला ऑइलचा हिरवा, निळा किंवा लाल रंग असतो, त्याने फसू नका. पाहायचा आहे तो थर आणि वास.

मग करायचं काय

पहिलं, लागेल तेवढंच पेट्रोल आणा. यंत्रांच्या पुस्तिकांत साधारण ३० दिवसांच्या आत पेट्रोल वापरा असं लिहिलेलं असतं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत ठेवलं तर थोडं जास्त टिकतं. पण आपण महिन्याचाच हिशोब धरावा.

दुसरं, कॅनवर तारीख लिहा. आम्ही पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने तारीख टाकतो. लोणच्याच्या बरणीवर लिहितो तसं. महिना झाला की त्या कॅनची चौकशी बैठकीत होते.

तिसरं, ऑइल त्या दिवसापुरतंच मिसळा. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असतं, अंदाजाने घालू नका. २५ ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल, ४० ला १ असेल तर २५ मिलिलिटर, ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. आम्ही औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण यासाठी वेगळं ठेवलं आहे. त्यावर रंगाची खूण केली आहे, म्हणजे ते पुन्हा औषधाला वापरलं जाणार नाही.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र महिन्यापेक्षा जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा. टाकीतलं पेट्रोल नरसाळ्याने कॅनमध्ये काढून घ्या. मग यंत्र सुरू करा आणि हळू वेगात आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरातलंही संपतं. ग्रास कटरला पेट्रोल ओढायचा रबरी फुगा असेल तर तो चार-पाच वेळा दाबून पुन्हा एकदा सुरू करून बघा. वीडरच्या वाटीला खाली स्क्रू असतो, तो सैल करून उरलेलं पेट्रोल काढता येतं. आमच्या वहिनींच्या हातून नेमकं हेच झालं होतं, ठरवून नव्हे, पेट्रोल संपल्यामुळे. आणि त्यासाठी आम्ही त्यांना दंड लावला होता!

पाचवं, झाकण घट्ट लावा, यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, पावसाचं शिंतोडं येणार नाही असं बघा. हंगाम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी ताजं पेट्रोल घालून चालवून पाहा. बागेत पोहोचल्यावर दोरी ओढायची वेळ आणू नका.

यंत्र बंद पडलंच तर जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं. भोक किंचित मोठं झालं तरी पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. कार्बोरेटर साफ करायचा फवारा आणि हवेचा झोत हाच उपाय, आणि तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.

बैठकांत विचारले जाणारे प्रश्न

शिळं पेट्रोल पुन्हा चांगलं करता येतं का? नाही. पेट्रोल टिकवायचं औषध बाजारात असतं, पण ते ताज्या पेट्रोलमध्येच घालायचं असतं. विटलेली भाजी फोडणी देऊन ताजी होत नाही.

डिझेलच्या यंत्राचं काय? डिझेल इतक्या लवकर उडत नाही आणि पंपावरच्या पेट्रोलसारखं त्यात वीस टक्के इथेनॉल नसतं. पण पाणी त्यालाही चालत नाही. पॉवर टिलर पावसाळ्यात उभा असेल तर पाणी शिरू देऊ नका आणि फिल्टर वेळेवर बदला.

मुलगा मुंबईला आहे, मोटरसायकल खळ्यात ताडपत्रीखाली उभी असते, गणपतीलाच निघते. तिचं काय? तिचंही तेच. २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींना कार्बोरेटर नसतो, त्याऐवजी इंजेक्टर असतो. त्याचीही भोकं बारीकच असतात आणि दुरुस्ती महाग पडते. घरात कुणाला चालवता येत असेल तर पंधरा दिवसांनी एकदा बाजारापर्यंत नेऊन आणावी. नुसती दारात दोन मिनिटं सुरू करून बंद करू नये. रोजच्या वापरातल्या स्कूटीला मात्र ही भीती नाही, कारण तिच्यात पेट्रोल शिळं व्हायला वेळच मिळत नाही.

जिवाची काळजी आधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीवरून पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत किंवा समईपर्यंत पोहोचून पेट घेते. म्हणून कॅन कधीही स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत किंवा देवघराजवळ ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच नाही. लहान मूल पाणी समजून तोंडाला लावतं. गरम यंत्रात पेट्रोल ओतू नका, दहा मिनिटं थांबा.

टाकी रिकामी करताना नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे. पेट्रोल घशाऐवजी फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीतून ते फुप्फुसात जायची भीती असते. १०८ ला फोन करा, सरळ दवाखान्यात न्या.

खराब पेट्रोल वहाळात, विहिरीजवळ किंवा शेणकईत ओतू नका. पालापाचोळा पेटवायला तर अजिबात वापरू नका, भडका अंगावर येतो. आम्ही ते कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्या दादांकडे देतो.

शेवटी काकींचं

यंत्राच्या दुरुस्तीला आमचे ११५० रुपये गेले. सहा दिवसांच्या कामाला दुसरं यंत्र पुरलं नाही, तीन दिवसांचं काम दुसऱ्यांना गेलं, त्याचे ९०० बुडाले. म्हणजे दोन हजार पन्नास. आणि हे सगळं टाकीतल्या शंभर-सव्वाशे रुपयांच्या पेट्रोलपायी.

दुरुस्त यंत्र घेऊन आम्ही आधी काकींच्या दारात गेलो. सांगितलं, “काकी, तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. आमचा नियमच चुकला होता.”

काकी वाल सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं बाय, मी पदरचे पैसे घालून टाकी भरली होती. तेवढं तरी कुणी विचारायचं होतं.”

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. दोन यंत्रं शेजारी होती, एक चालू झालं आणि एक नाही. दोन्हींत फरक काय होता, एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता तरी पेट्रोलपर्यंत पोहोचलो असतो. आम्ही मात्र वहीत सही कुणाची आहे तेवढंच पाहिलं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनींचे वीस रुपये परत केले. वहीतला जुना नियम खोडून नवा लिहिला: ‘हंगाम संपताना यंत्र रिकाम्या टाकीने परत घ्यावं. पेट्रोल काढल्याची तारीख आणि दोघींच्या सह्या घ्याव्यात, देणारीची आणि घेणारीची.’ उरलेलं ताजं पेट्रोल कुणीतरी आपल्या स्कूटीसाठी पैसे देऊन नेते. मात्र ऑइल न मिसळलेलं असेल तेच. म्हणजे ते वायाही जात नाही. हे काम कुणाकडे द्यायचं असं विचारलं, तेव्हा काकींनीच हात वर केला. गेल्या डिसेंबरात दोन्ही यंत्रं त्यांनीच रिकामी करून फळीवर ठेवली.

मैत्रिणींनो, घरातली वस्तू बिघडली तर आपण वस्तूकडे बघतो. गटाची वस्तू बिघडली की माणसाकडे बघतो. तुमच्या गटात एखादं यंत्र कोपऱ्यात बंद पडलं असेल आणि कुणा एकीकडे बोट दाखवलं गेलं असेल, तर आधी टाकीचं झाकण काढा, वास घ्या, काचेच्या बाटलीत ओतून बघा. आणि येत्या बैठकीत दोनच गोष्टी विचारा. आपल्या यंत्रात आत्ता पेट्रोल आहे का? आणि ते कधीचं आहे?